हातचा एक

प्रिय सख्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन वर्षं लागली. कारण विचारू नकोस, आळसाशिवाय दुसरं काही नाही. फोनवर तीनदा "लिहितो, लिहितो" म्हणालो आणि तीनही वेळा तू "हो, हो" म्हणालास, त्या "हो, हो" मधला अर्थ मला कळत नव्हता असं समजू नकोस. प्रकृती ठीक. रक्तदाबाची गोळी चालू आहे, डाव्या डोळ्याचं झालं, उजव्याचं पुढच्या महिन्यात. संपलं प्रकृतीचं.

वही सापडली.

कोणती ते तुला सांगायला नको. निळा पुठ्ठा, मागच्या बाजूला तू काढलेलं सरांचं चित्र, त्यात कान जरा जास्तच मोठे. ट्रंकेच्या तळाशी, माझ्याच जुन्या गुणपत्रिकांखाली होती. ती तू हरवलीस असं मी चव्वेचाळीस वर्षं म्हणत आलो. हा पहिला आरोप मागे घेतो. दुसरा मोठा आहे, त्याला जरा वेळ लागेल.

पहिल्याच पानावर तुझ्या वळणदार अक्षरात ती संख्या: ४२९४९६७२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मी मोठ्याने वाचली आणि गंमत म्हणजे जिभेला अजून पाठ आहे, कुठेही अडखळली नाही. खाली माझ्या अक्षरात: "मूळ आहे. कुणीही तपासावं." केवढा तोरा! बाजूला तिचं सगळं कूळ: ३, ५, १७, २५७, ६५५३७. दोनाचा घात १, मग २, मग ४, ८, १६, प्रत्येकात एक मिळवायचा. पाचही मूळ, म्हणजे १ आणि स्वतःशिवाय कशानेच भाग न जाणाऱ्या. सहावी आपली, दोनाचा ३२ वा घात अधिक १. पाच भावंडं सरळ निघाली म्हणजे सहावंही सरळच असणार, हा माझा युक्तिवाद. तू तेव्हा म्हणाला होतास, "पाच म्हणजे काही सगळे नव्हेत." त्यावर मी काय बोललो ते लिहीत नाही. हे पत्र वहिनीही वाचतील.

मग भागाकार. एक मूळ संख्या मी, एक तू. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे, म्हणजे त्याच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या, आणि त्या ६५४२. हे मी आज मोजून लिहितोय. तेव्हा मोजलं असतं तर वही उघडलीच नसती. आपण ९९७ पर्यंत गेलो आणि कंटाळलो. कंटाळ्यालाच मी "पुरेसा पुरावा" असं नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं.

आता सांगतो. ६४१ चं पान माझ्या अक्षरात आहे, सख्या.

पहिल्यांदा वाटलं, चष्मा. मग दिव्याखाली नेलं. माझाच सात, पोटात आडवी रेघ असलेला. भागाकार इथे पुन्हा मांडतो, तुझ्यापुढे तरी लपवायचं काय उरलंय. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, उरले ४४८. नऊ खाली आणला, ४४८९. सात वेळा, ४४८७, उरले २. मग २६ ला शून्य, २६७ ला शून्य. २६७२ मध्ये चार वेळा, २५६४. इथपर्यंत चोख. आता वजाबाकी. २६७२ मधून २५६४. बारातून चार गेले आठ, हातचा एक. सहा नि एक सात, सातातून सात गेले, शून्य. १०८. पण वहीत ११८ आहे! हातचा विसरलो. सातातून नुसते सहा वजा केले आणि एक लिहून मोकळा झालो. पुढे सगळं बरोबर, म्हणजे चुकीचं बरोबर: ११८९, ५४८, ५४८७, आठ वेळा, बाकी ३५९. "भाग जात नाही." खाली दोन रेघा मारल्यात.

हातचा घेतला असता तर १०८९ मधून ६४१ गेले की उरतात पुन्हा ४४८, तेच जे सुरुवातीला उरले होते. त्यापुढे शेवटचा ७ आला की ४४८७. तेच ४४८७ जे वर नुकतं वजा केलं होतं! ते त्याच पानावर चार ओळी वर लिहिलेलं होतं, माझ्या हाताने. शेवटी ६४१ सात वेळा आणि बाकी शून्य. पहिल्या खेपेला दोनाने हुकलं ते दुसऱ्या खेपेला नेमकं बसतं. पानावर सगळं समोर असताना माझ्या एका हातच्याने ते झाकलं.

आणि वर्गात मी काय केलं?

सरांनी फळ्यावर ६४१ गुणिले ६७००४१७ असं मांडलं, गुणाकार पुरा केला, खडू खाली ठेवला आणि विचारलं, "६४१ कुणाच्या वाट्याचा?" वही खोलीवर होती, पण मूळ संख्यांचा तक्ता माझ्या खिशात होता, क्रमांक घातलेला. मी उभा राहून सिद्धता दिली. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. सुरुवात मी केली, म्हणून विषम क्रमांक माझे, सम क्रमांक सख्याचे. ११६ सम आहे. म्हणून चूक सख्याची. वर्ग हसला. सरही हसले, म्हणाले, "भागाकार येत नसला तरी सिद्धता येते." आणि हजेरीला तुझ्या नावावर टिंब देऊन "संख्या" म्हणायचे, तसं म्हणाले, "काय संख्याराव, बरोबर?" तू खाली बघितलंस.

सिद्धतेला भोक होतं आणि ते दोनाचं होतं. तक्ता २ पासून सुरू होतो, पण आपण भागायला सुरुवात ३ पासून केली. आपली संख्या विषम, एवढं आपल्यालाही कळत होतं. ३ माझा, ५ तुझा, ७ माझा. म्हणजे आपल्या मोजणीत ६४१ चा नंबर ११५. विषम, म्हणजे माझा. जो २ आपण कधी वापरलाच नाही, तो मी वर्गात साक्षीदार म्हणून उभा केला.

ह्या दोनाने माझ्याहून फार मोठ्या माणसाची संख्याही खरी ठरवली असती, हे वाचून मला बरं वाटलं होतं. आता वाटत नाही. १६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्माने फ्रेनिकल ह्या दुसऱ्या गणितीला पत्रात ह्याच संख्या ओळीने लिहिल्या, आपलीही आणि तिच्या पुढचीही, आणि म्हणाला की ह्या सगळ्या मूळ असाव्यात. सिद्धता नाही, पण खात्री आहे. (बघ, सुरुवात पत्रानेच झाली.) त्याच वर्षी त्याने आपला तो प्रसिद्ध नियमही लिहिला. संख्या मूळ असेल तर त्या संख्येहून एकाने कमी इतका दोनाचा घात घ्यायचा, संख्येने भागायचा, बाकी १ उरते. आता आपल्या संख्येवर हे लावून बघ. दोनाचा ३२ वा घात तिच्याहून एकानेच कमी. त्याचा वर्ग केला की बाकी १, म्हणजे ६४ व्या घाताला १. आणि जो घात घ्यायचा तो ४२९४९६७२९६, तो ६४ च्या पटीत आहेच. बाकी १! फर्माच्या स्वतःच्या कसोटीला ती पास होते, आणि मूळ नसते. दोन तिचा घरचाच माणूस, तो तिच्याविरुद्ध कशाला बोलेल? तीनला विचारलं तर तीन सरळ नाही म्हणतो. पेपँ ह्या फ्रेंच गणितीने १८७७ मध्ये ह्या कुळासाठी अशीच कसोटी केली, त्याने पाचाला विचारलं, आज बहुतेक तिनाला विचारतात. साक्षीदार परका हवा.

पण फर्माला पळवाट नाही. दोनाचा ३७ वा घात उणे १, ह्याचा २२३ हा अवयव त्याने त्याच सुमारास शोधला होता, कुठले भाजक तपासायचे हे आधी ठरवून. तीच युक्ती इथे लावली तर उमेदवार ६४ च्या पटीहून १ ने जास्त असलेलेच. त्यातल्या मूळ संख्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नाला हाताशी! मग का नाही सापडला? त्याने भागून बघितलं असेल आणि आकडेमोडीत कुठेतरी घसरला असेल, असा एक तर्क आहे. म्हणजे हातचाच. मला हा तर्क फार आवडायचा. परवापासून आवडत नाही, कारण फर्माने फ्रेनिकलवर काही ढकललं नव्हतं.

पुढच्या शतकातला मोठा गणिती ऑयलर, त्याच्याकडेही हे पत्रातूनच आलं. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने त्याला ताजा कलम लिहून विचारलं की फर्माचं हे निरीक्षण तुला माहीत आहे का. ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा. सुरुवातीला त्याने फारसं मनावर घेतलं नाही, गोल्डबाखने मात्र पिच्छा सोडला नाही. १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ पुढे केला. पुढे त्याने ६४ चा नियम सिद्ध केला आणि १८७८ मध्ये लुकासने तो १२८ वर नेला. त्या चाळणीत ६४१ च्या आधी फक्त एकच मूळ संख्या लागते, २५७. आपण ११५ भागाकार केले तिथे दोन पुरले असते.

भागाकार तरी कशाला? परवा रात्री हे एका कागदावर उतरवलं आणि तुला झोपेतून उठवून दाखवावंसं वाटलं. ६४१ म्हणजे पाच गुणिले १२८, अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. बस्स. पहिल्यावरून, पाच गुणिले दोनाचा सातवा घात म्हणजे ६४१ च्या हिशेबात (६४१ ने भागून फक्त बाकी बघायची) उणे एक. चौथा घात घे: ६२५ गुणिले दोनाचा २८ वा घात म्हणजे एक. दुसऱ्यावरून ६२५ म्हणजे उणे १६, उणे दोनाचा चौथा. घाल तिथे. उणे दोनाचा ३२ वा घात म्हणजे एक. म्हणजे दोनाचा ३२ वा घात उणे एक, त्यात एक मिळवला की शून्य. संपलं! हातचा नाही, वजाबाकी नाही, पाळीही नाही. नातीने फोनवर तीच संख्या टाकली आणि निमिषात दोन अवयव आले. ती म्हणाली, "आजोबा, एवढंच?" मी म्हटलं, हो, एवढंच.

वहीत अजून एक आहे आणि ते मला जास्त लागलं. तू बाकी २ आली की तिला गोल करायचास. ५ ला बाकी २ (एककात ७ दिसत असताना तू तो भागाकार रकानाभर केलायस, त्यावरून मी तुला चार दिवस छळलं, ते छळणं मात्र मागे घेत नाही). १७ ला बाकी २, गोल. २५७ ला बाकी २, गोल. मागे जाऊन माझ्या ३ च्या बाकीलाही तूच गोल केलंयस. समासात बारीक अक्षरात: "भावंडांनाच २ का?" आणि त्याखाली माझं उत्तर, शाईत: "योगायोग. पुढचा कर."

योगायोग कसला, सख्या! ३ गुणिले ५ गुणिले १७ गुणिले २५७ गुणिले ६५५३७, बरोबर ४२९४९६७२९५. आपल्या संख्येहून दोनाने कमी. ह्या कुळात कुठलीही घे, तिच्या आधीच्या सगळ्यांचा गुणाकार तिच्याहून नेमका २ ने कमी. म्हणून कुठल्याही दोघांत सामाईक अवयव नाही, आणि कूळ संपत नाही, म्हणून मूळ संख्याही संपत नाहीत. ह्या कुळात सामाईक अवयव नाहीत हे गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला कळवलं होतं. तुझ्या त्या चार गोलांपासून ते किती लांब होतं? दोन संध्याकाळी, फार तर. आणि मी म्हटलं, पुढचा कर.

त्या ९५ वाल्या शेजारणीचीही मजा आहे. गाउसने १७९६ मध्ये पट्टी आणि कंपासने सतरा समान बाजूंची आणि समान कोनांची आकृती जमते हे दाखवलं, तेव्हापासून हे कूळ भूमितीतही शिरलं. बाजूंची संख्या विषम असलेल्या अशा ज्या आकृत्या पट्टी-कंपासने काढता येतात असं आज ठाऊक आहे, त्यांतली सर्वांत मोठी नेमकी ४२९४९६७२९५ बाजूंची. काढणार कोण, हा प्रश्न वेगळा. हर्मिस नावाच्या गृहस्थाने ६५५३७ बाजूंसाठी दहा वर्षं घातली, ती कागदपत्रं पेटीत जपून ठेवलेली आहेत. तुझे प्रयोगवहीतले आलेख आठवले. मधली ९६ वाली तर आता सगळ्यांच्या घरात, संगणकाच्या बत्तीस बिटांत मावणाऱ्या संख्या तेवढ्याच. म्हणजे एक शेजारीण पूर्ण सुटते, दुसरीत दोनाशिवाय काही नाही, आणि आपली बिचारी दोन तुकड्यांची.

तिच्या पुढची, दोनाचा ६४ वा घात अधिक १, लँड्रीने १८८० मध्ये फोडली. वय ८२. तेव्हा आपल्याला घाई नाही. ६५५३७ नंतर ह्या कुळात एकही मूळ संख्या अजून कुणाला सापडलेली नाही. तू म्हणाला होतास, पाच म्हणजे सगळे नव्हेत. पाचच निघाले, निदान आजवर.

आता जे विचारायला हे सगळं लिहितोय ते.

त्या ११८ मधल्या दुसऱ्या एकावर पेन्सिलचं एक टिंब आहे. अगदी बारीक. माझी पेन्सिल नव्हतीच कधी, मी शाईवाला. आणि माझ्या प्रयोगवह्या तपासताना चूक दिसली की तू तोंडाने काही बोलायचा नाहीस, त्या आकड्यावर टिंब द्यायचास आणि वही परत सरकवायचास. ते टिंब तुझं आहे.

कधी दिलंस? वर्गाच्या आदल्या रात्री वही तुझ्याकडे होती आणि वर्ग झाला त्या रात्रीही तुझ्याकडेच होती. आदल्या रात्री दिलं असशील तर तुला ठाऊक होतं आणि तू मला उभं राहू दिलंस, मूळ आहे म्हणून ओरडू दिलंस. मग आपली फिटंफाट झाली म्हणायची, उलट तूच थोडं देणं लागतोस. पण वर्ग झाल्यावर दिलं असशील तर? तर तुला त्या रात्री कळलं की चूक माझी, सिद्धता खोटी, आणि तू वही माझ्या ट्रंकेत ठेवलीस नि झोपलास. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी जागाही धरलीस. पुढे माझ्या लग्नात, तुझ्या लग्नात, सरांच्या निरोपाला, प्रत्येक वेळी मी तो किस्सा सांगितला. "११६ सम आहे" म्हटलं की लोक हसायचे, तूही हसायचास. सरांच्या निरोपाला तर तू म्हणालास, "सिद्धता अजून सांग, मला आवडते." मी सांगितली!

दोन रात्री मी ह्यावर काढल्यात. आमची ही म्हणते, एवढ्याशा भागाकाराचं काय घेऊन बसलात. ती त्या बाकावर नव्हती.

सर असते तर त्यांनाही लिहिलं असतं. ते नाहीत, म्हणून तेही तुलाच.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? डॉक्टर दुसरा बघितलास की नाही? थोरल्याची बदली झाली असं ऐकलं, धाकटीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार सांग आणि बागेबद्दल त्यांनी विचारलं होतं ते मी विसरलेलो नाही, वेगळं लिहितो. (लिहितो, लिहितो.)

वही सोबत पाठवतोय. मी काहीही खोडलेलं नाही. ११८ तसाच आहे, टिंबही.

तुझा,
तोच

ता. क. सरांनी दुसरा अवयव ६७००४१७ मूळ आहे म्हणून सांगितलं आणि आपण दोघांनी मान डोलावली. तपासला कुणीच नाही. त्याचा कुठलाही मूळ अवयव १२८ च्या पटीहून १ ने जास्तच असायला हवा, आणि वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढे. तेवढ्यात मूळ संख्या पाचच बसतात: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर सुरुवात केली आहे. २५७ मी केला, दोनदा तपासला, हातच्यासकट. बाकी १७०. पुढचा ६४१. पाळी तुझी.